आधी फाईल, मग फलक
रत्नागिरीत जमिनीच्या धंद्याचं वेळापत्रक पंचांगावर चालतं. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी उतरला की साळवी स्टॉपपासून हातखंब्यापर्यंत एजंटांचे फलक झळकतात: ‘समुद्र दिसणारा प्लॉट, हायवेपासून दहा मिनिटं!’ पण सौदा अडतो तो सातबाऱ्यावर. आजोबांच्या पश्चात नावं लागत गेलेले वीस-पंचवीस हिस्सेदार. एक परळला, एक विरारला, आणि सही करणारच नाही म्हणून बसलेली एक आत्या. शिवाय १९४८ च्या कूळ कायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. तेव्हा एजंटाच्या वर्षाच्या नियोजनात पहिला खर्च जाहिरातीचा नको, कागदांचा हवा: फेरफार, आठ-अ, मोजणीचा नकाशा, आणि जागेपर्यंत गाडी जाते की नुसतीच पाखाडी, याचा खुलासा. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. गिऱ्हाईक मोबाइल रोखून उभ्या उभ्या प्रकल्पाची कुंडली काढतं. म्हणून यंदा गणपतीत आधी फाईल उघडा, ड्रोनचा व्हिडिओ मागाहून दाखवा. कोकणात तोंडी जाहिरातीइतकं काही चालत नाही, आणि फसलेला माणूस ती अगदी फुकट करतो.