अडगळीतला चोरदरवाजा
१९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ रचण्यास आरंभ केला, तेव्हा युनिक्सच्या अनेक परस्परविसंगत आवृत्त्या नांदत होत्या. प्रत्येक यंत्र तपासून एकच सॉफ्टवेअर सर्वत्र बांधता यावे, हा त्याचा हेतू. त्यांतील कित्येक यंत्रे अस्तंगत झाली. तपासण्यांच्या हजारो ओळी मात्र उरल्या, न वाचलेल्या. २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपण-सॉफ्टवेअरमधील चोरदरवाजाची कळ याच अडगळीत, एका एम४ फायलीत दडवली गेली. आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनमधील अर्ध्या सेकंदाच्या विलंबावरून तिचा माग लागला. जुन्या फायलींची देखभाल म्हणूनच दुय्यम काम नव्हे. कालबाह्य ओळ काढावी. ठेवलेल्या ओळीचे कारण नोंदवावे. न वाचलेले दफ्तर जतन झाले, असे म्हणता येत नाही.