‘हौशी’ कोणाला म्हणावे?

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत तो वरवर पाहता क्रीडाशिक्षकांच्या कक्षेतील आहे. आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांनी गेल्या जानेवारीत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावून पूर्ण केली. त्यांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झाले, भाषणेही झाली. त्या भाषणांतून त्यांचा उल्लेख वारंवार ‘हौशी धावपटू’ असा करण्यात आला. या शब्दापाशी आम्ही अडखळलो, आणि या शब्दालाच एक इतिहास असल्याने हा लेख इतिहासाचा आहे, असे संपादकांनी मानून घ्यावे.

आज ‘हौशी’ हा शब्द आपण सहजपणे वापरतो. पोटासाठी न खेळता आवडीसाठी खेळतो, तो हौशी. परंतु एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूची व्याख्या करताना केवळ पैशाचा विचार झालेला नव्हता. १८६० च्या दशकात लंडनमध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबच्या नियमांत यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर हे हौशी ठरूच शकत नाहीत, असे कलम होते. शर्यतीतून त्यांनी छदामही घेतला नसला तरी फरक पडत नव्हता. हाताने काम करणारा मनुष्य हातानेच काम करतो, एवढे कारण त्याला वगळण्यास पुरेसे होते. १८८० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने धावण्याच्या क्षेत्रातून हे कलम काढून टाकले. हेन्ली येथील प्रसिद्ध नौकास्पर्धेने मात्र १८७९ मध्ये असाच नियम केला आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत तो जपला. १९२० मध्ये जॉन केली या अमेरिकन नाविकाचा प्रवेशअर्ज तेथे फेटाळला गेला. त्याच्या क्लबशी असलेला जुना वाद हे एक कारण, आणि तो कधीकाळी विटांचे बांधकाम करीत असे, हे दुसरे. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये या गवंड्याने अंतिम फेरीत इंग्रज स्पर्धकाला मागे टाकून सुवर्णपदक मिळविले. कामावरून माणसाची पायरी ठरविणारे नियम कसे लिहिले जातात, हे आमच्या वाचकांस वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

त्याच अँटवर्पमध्ये, त्याच १९२० साली, आपल्याकडचा एक माणूस मॅरेथॉन धावला. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्यापूर्वीच्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात शेतकरी धावपटू अनवाणी धावताना दोराबजी टाटा यांनी पाहिले, त्यांच्या वेळांनी ते चकित झाले आणि त्यातून भारतीय चमू पाठविण्याची खटपट सुरू झाली. चौगुले यांनी ४२ किलोमीटर ७५० मीटरचे अंतर २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापले आणि ते एकोणिसावे आले. विजेत्या फिनलंडच्या कोलेमाइनेनला २ तास ३२ मिनिटे लागली होती. (४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम आले; ते सर्वत्र प्रमाण मानले जाऊ लागले १९२१ पासून.) परक्या देशातील थंड, पावसाळी हवेत एकोणिसावा क्रमांक ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही आमच्या इयत्ता नववीच्या वर्गात हे नाव विचारले असता एकही हात वर होत नाही.

आता आमच्या अधीक्षकांकडे वळू. ते खेड्यातले. लहानपणी शाळेसाठी रोज चालत असत, एवढाच त्यांचा क्रीडेचा पूर्वेतिहास. रक्तातील साखर वाढू लागली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा त्यांनी चालण्यास आरंभ केला, आणि चालण्याचे धावणे होण्यास सुमारे वर्ष लागले. पहाटे चारला उठून कालव्याच्या रस्त्याने, हातात बॅटरी आणि कुत्र्यांसाठी काठी घेऊन ते निघत. पाचच्या घंटेपूर्वी वसतिगृहात परतणे भाग होते. कारण मुलांना उठवणे, अंघोळीच्या रांगा आणि वंदना ही त्यांची जबाबदारी. पहिल्या काही महिन्यांत गावकरी त्यांना थांबवून विचारीत, ‘‘साहेब, या वयात पोलीस भरती निघाली की काय?’’

हा प्रश्न विनोदाने विचारला जात असे. आम्हांला तो फार बोलका वाटतो. आपल्या भागात पहाटेच्या रस्त्यावर धावणारी पोरे-पोरी दिसतात ती भरतीची. मुलांसाठी सोळाशे मीटर, मुलींसाठी आठशे, एवढे अंतर ठरलेल्या वेळेत कापावयाचे आणि भाकरीची सोय लावावयाची. भरती झाली की धावणे थांबते; झाली नाही तर ते अधिकच लवकर थांबते. गरीब घरातील मुलगा कारणाशिवाय, केवळ स्वतःसाठी धावू शकतो, ही कल्पनाच समाजाच्या डोक्यात शिरलेली नाही. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, पण हौसेला चांगलेच मोल असते. वेळ, झोप, अन्न, बूट आणि उजेड असलेला रस्ता यांचे मिळून ते मोल होते.

अधीक्षकांनी ते कसे चुकते केले, हे थोडे तपशिलाने सांगणे योग्य ठरेल, कारण मॅरेथॉन म्हणजे केवळ जिद्द, असा समज सत्कारसभांतून पसरविला जातो. त्यांनी आठवड्यातील चार दिवस धावण्यास दिले. तीन दिवस थोडे अंतर, आणि रविवारी, मुलांची जबाबदारी दुसरे सहकारी सांभाळीत तेव्हा, लांब पल्ला. एका आठवड्यात वाढवायचे अंतर मागील आठवड्याच्या दहाव्या भागाहून अधिक असू नये, असा एक ठोकताळा धावणारे पाळतात. तो त्यांनी कटाक्षाने पाळला. रविवारचा पल्ला दहा किलोमीटरपासून वाढत वाढत बत्तीसपर्यंत गेला. बेचाळीस किलोमीटर त्यांनी सरावात कधीच धावले नाहीत, आणि शर्यतीपूर्वीचे तीन आठवडे तर अंतर कमी कमी करीत नेले. शरीराची झीज भरून यावी यासाठी ही विश्रांती असते. आमच्या एका शिक्षकमित्रांना हा आळस वाटला होता. परीक्षेच्या आदल्या रात्रभर मुलांना जागविणारे हे मित्र आहेत, हे येथे नमूद करतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकून घेतली, ती म्हणजे सावकाश धावणे. लांब पल्ला धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, इतकाच वेग ठेवायचा. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर साधारणतः तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. वेगाने सुरुवात करणाऱ्याची ती आधीच संपते आणि पाय शिशासारखे जड होतात. धावपटू याला ‘भिंत’ म्हणतात. म्हणून वाटेतच खावे लागते. अधीक्षक कमरेच्या पट्ट्यात खजूर, गुळाचे खडे आणि मिठाची पुडी ठेवीत. नुसते पाणी भरमसाट प्यायल्यानेही अपाय होतो, रक्तातील क्षार पातळ होतात. त्यामुळे जलसंजीवनीची पाकिटे सोबत असत. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशी त्यांच्यासाठी शनिवारी रात्री एक भाकरी जास्त थापीत, याचा उल्लेख सत्कारात झाला नाही, म्हणून तो येथे करीत आहोत.

मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये वाटेल त्याला उतरता येत नाही. त्याआधी धावलेल्या शर्यतीतील वेळेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी अर्धमॅरेथॉन धावून मिळविले. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटते. पहिले दोन तास हवा सुखद असते. ऊन चढू लागले की समुद्राकाठचा दमटपणा अंगातील पाणी शोषून घेतो. सागरी सेतूवरून जाताना आपण पृथ्वीवर सर्वांत श्रीमंत आहोत असे वाटले, असे ते म्हणाले. एरवी त्या पुलावर पायी माणसाला मज्जाव असतो. माहीमहून परतताना शिवाजी पार्क आले. सहा डिसेंबरला ज्या रस्त्याने आपण रांगेत तासन्‌तास उभे राहतो, त्या परिसरातून धावताना त्यांनी चैत्यभूमीच्या दिशेने हात जोडले. पुढे पेडर रोडचा चढ. छत्तीस-सदतीस किलोमीटर संपल्यावर तो लागतो आणि तेथे बहुतेक सगळे चालू लागतात. अधीक्षकही चालले. फुटपाथवर उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी त्यांच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली. ५ तास ३८ मिनिटांनी ते पोहोचले. त्यांच्यापुढे हजारो जण होते, मागेही पुष्कळ होते. दोन पायांची मिळून तीन नखे काळी पडली होती आणि सोमवारी जिना ते उलटे उतरत होते.

येथवर सर्व ठीक. आमचा वाद सत्कारसभेतील दुसऱ्या एका वाक्याशी आहे. एक पाहुणे म्हणाले, ‘‘ही माणसे मुळातच काटक असतात. अनवाणी सोडा, तरी पळतील.’’ टाळ्या पडल्या. आम्ही टाळी वाजविली नाही.

अनवाणी धावण्याचे हे कौतुक प्रायः इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांच्या नावाने केले जाते. १० सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये ते अनवाणी धावले आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकले. ज्या इटलीने त्यांच्या देशावर आक्रमण केले, अक्सुमचा प्राचीन स्तंभ उचलून नेला, त्याच इटलीच्या राजधानीत, त्याच स्तंभाजवळून धावत जाऊन ते जिंकले. इतिहासाच्या शिक्षकाला याहून अधिक काय हवे? परंतु कथा येथेच संपविली जाते, आणि तिचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. मिळालेले बूट पायाला बसत नव्हते, म्हणून ते अनवाणी धावले. ते सम्राटाच्या अंगरक्षक दलात होते, ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी शिस्तीने सराव केला होता. आणि चार वर्षांनी टोकियोत, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेस जेमतेम सहा आठवडे झालेले असताना, ते बूट-मोजे घालून धावले आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत, नव्या विश्वविक्रमासह जिंकले. बुटांनी त्यांचे तीन मिनिटांनी वाईट केले असे कोणास वाटत असेल तर आमचे काही म्हणणे नाही.

‘मुळातच काटक’ हे शब्द ऐकायला गोड आहेत, पण त्यांचा अर्थ भयंकर आहे. गुण जन्मातून येतात, असे एकदा मान्य केले की बूट देण्याची, दूध-अंडी देण्याची, प्रशिक्षक नेमण्याची जबाबदारी आपोआप टळते. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातील ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावल्या. हे दुष्काळाने घडविले, असे वृत्तपत्रे लिहितात. दुष्काळाने घडत असते तर माणच्या प्रत्येक घरात ऑलिंपिकपटू असता. जन्माचाच दाखला देऊन स्त्रियांनाही दूर ठेवले गेले होते. १९६६ मध्ये बॉबी गिब यांनी बॉस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला, तेव्हा बायकांची शरीरप्रकृती एवढे अंतर झेपण्यासारखी नाही, असे त्यांना कळविण्यात आले. त्या आरंभरेषेजवळच्या झुडपांत लपून राहिल्या आणि शर्यत पूर्ण करून दाखविली. बॉस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये. तिकडे हृदय कमकुवत म्हणून नकार, इकडे काटक म्हणून बूट नाहीत. दोन्हींकडे माणसाच्या तयारीचा विचार कोणी केलेला नाही.

हृदयाचा विषय निघाला आहे तर क्लॅरेन्स डीमार यांचे स्मरण करू. बॉस्टनचा हा छापखान्यातील कामगार. कामावर जाता-येता धावे आणि तोच त्याचा सराव. हृदयात दोष आहे, धावणे सोडा, असे डॉक्टरांनी बजावल्यावरही १९११ ते १९३० या काळात त्याने बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकली, आणि पासष्टाव्या वर्षीही तो ती धावला. १९५८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले तेव्हा हृदयाला रक्त पुरविणाऱ्या त्याच्या धमन्या सामान्यांपेक्षा बऱ्याच रुंद असल्याचे आढळले. (यावरून कोणी डॉक्टरांचा सल्ला धुडकावू नये, आमचे अधीक्षक तपासणी करून घेतल्याशिवाय धावले नाहीत.)

आता आमचे मत. आमच्या मुलांना मॅरेथॉन धावायला लावा, असे आम्ही म्हणत नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ती नाहीच. दोन गोष्टी मात्र तातडीने व्हाव्यात. पहिली, धावणे ही शिक्षा म्हणून देणे बंद व्हावे. गृहपाठ केला नाही, मार मैदानाला पाच चकरा, ही पद्धत अनेक शाळांत अजूनही चालू आहे. ज्या कृतीचा आनंद मुलाला आयुष्यभर पुरावा, तिच्याशी आपण अपमान जोडून ठेवतो आणि मग मुले मैदानावर येत नाहीत म्हणून परिपत्रक काढतो. दुसरी गोष्ट, रविवारी सकाळचा दीड तास वसतिगृहातील प्रत्येक मुला-मुलीसाठी मोकळा ठेवावा. त्या वेळेत क्रमांक, शिट्टी, भरतीची तयारी काही नसावे. ज्याला चालावयाचे त्याने चालावे. दहावीच्या पालकांची हरकत येईल. ती आली तर त्यांना अधीक्षकांचा साखरेचा जुना आणि नवा अहवाल शेजारी शेजारी ठेवून दाखवावा. ते दाखविण्यास त्यांनी परवानगी दिलेली आहे.

सत्काराच्या निमित्ताने जमलेल्या रकमेचे काय करावे, यावर व्यवस्थापन समितीत चर्चा चालू आहे. स्मृतिचिन्हाचा प्रस्ताव आहे, प्रवेशद्वाराशेजारी कोनशिलेचाही आहे. अधीक्षकांनी स्वतः एक वही समितीपुढे ठेवली आहे. तीत वसतिगृहातील एकशे बारा मुला-मुलींच्या पायांची मापे आहेत. एका रविवारी जमिनीवर कागद ठेवून, पेन्सिलीने पावले आखून त्यांनी ती घेतली आहेत. वाढीचे वय असल्याने प्रत्येक मापात एक बोट जागा धरावी, अशी तळटीपही त्यांनी लिहिली आहे. समितीची पुढील बैठक येत्या महिन्यात आहे.