पर्पज कोड कोणता टाकायचा?

ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्यांनी अनुभव कळवावेत असं आम्ही म्हटलं, तेव्हा आमची अपेक्षा मर्ज कॉन्फ्लिक्ट, फ्लेकी टेस्ट आणि लायसन्सच्या भांडणांची होती. टपाल आलं ते बहुतेक बँकेबद्दलचं. त्यातलं नाशिकच्या इंदिरानगरहून आलेलं एक पत्र या अंकाची जागा अडवून बसलं आहे, आणि अडवावी अशीच त्याची योग्यता आहे.

लिहिणाऱ्या बाई दिवसा नोकरी करतात. रात्री, मुलं झोपल्यावर, त्यांनी चार-पाच जणांच्या टीमसाठी एक टूल उभं केलं. कुठली ब्रँच स्टेजिंगवर आहे, रिव्ह्यू कोणाकडे अडकलाय, कोणत्या तिकिटाचा हॉटफिक्स मेनमध्ये आला पण रिलीज ब्रँचला गेलाच नाही, हे एका पानावर दिसतं. साध्या व्हीपीएसवर चालतं, एमआयटी लायसन्स आहे. ज्यांनी छोट्या दुकानात शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय केलं आहे त्यांना त्याची किंमत सांगायला नको. परदेशातल्या काही टीमनाही ते आवडलं आणि त्यांनी एका प्लॅटफॉर्मवरून स्पॉन्सरशिप सुरू केली. महिन्याचा एकत्र पेआउट निघाला आणि बँकेत येऊन थांबला. बँकेचं नाव त्यांनी कळवलं आहे, आम्ही छापत नाही. दुसऱ्या बँकेत वेगळं घडलं असतं असा आमचा समज नाही.

शाखेतला संवाद त्यांच्याच पत्रातून:

‘मॅडम, ग्राहक कोण?’

‘ग्राहक नाही कोणी.’

‘मग पैसे कसले?’

‘टूल आवडलं म्हणून दिलेत.’

‘म्हणजे गिफ्ट. देणारे नातेवाईक आहेत का?’

‘मी त्यांना ओळखतही नाही.’

साहेबांनी पेन खाली ठेवलं म्हणे.

आता साहेबांची बाजूही बघू. त्यांच्यापुढे रिझर्व्ह बँकेची पर्पज कोडची यादी असते आणि परकीय चलनातल्या प्रत्येक जमेला तिच्यातला एक कोड लागतोच. पी०८०२ म्हणजे सॉफ्टवेअर कन्सल्टन्सी आणि इम्प्लिमेंटेशन. तो टाकला की करार आणि इन्व्हॉइस मागितलं जातं. करार कोणाशी? पेआउट प्लॅटफॉर्मचा, पैसे अनोळखी लोकांचे, आणि त्यांच्यासाठी कोणीही काहीही इम्प्लिमेंट केलेलं नाही. पी०८०७ म्हणजे ऑफसाइट सॉफ्टवेअर निर्यात. मग सॉफ्टेक्स फॉर्म आला, एसटीपीआय आलं आणि निर्यातमूल्याचा रकाना आला. त्यात काय भरायचं? टूल जगात कोणीही फुकट क्लोन करू शकतो, म्हणजे निर्यातमूल्य शून्य. शून्याच्या निर्यातीवर डॉलर कसे आले, याचं उत्तर द्यायला बाईंनी पुन्हा शाखेत जायचं.

उरतो पी१३०२, वैयक्तिक भेटी आणि देणग्या. इथं आयकर खातं उभं आहे: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर भेट आली की ती सगळीच करपात्र. कर भरायला बाई तयार आहेत, पण ही भेट नाही हे त्यांनाही माहीत आहे आणि बँकेलाही. चार मेंटेनरनी मिळून ट्रस्ट काढावा म्हटलं, तर २०१०चा विदेशी अंशदान कायदा. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीचं खातं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच काढावं लागतं, आणि नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. व्हीपीएसचं महिन्याचं बिल निघावं एवढीच ज्याची अपेक्षा, त्याने आधी १५ लाख खर्च करून दाखवायचे!

ही पर्पज कोडची यादी मुळात बॅलन्स ऑफ पेमेंट्सची आकडेवारी नीट गोळा व्हावी म्हणून आहे. तिच्यात ‘ओपन सोर्स विकासासाठी साहाय्य’ अशी एक ओळ घालायला कायदा बदलावा लागू नये. एक परिपत्रक पुरे. पण हे मागायचं कोणी? २०१५ साली केंद्राने ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं, २०१७ला सरकारी कोडसाठी ओपनफोर्ज सुरू केलं. कोड घ्यायचा कसा यावर कागद आहेत, लिहिणाऱ्याला चार पैसे मिळतात तेव्हा त्यांची नोंद कशी करायची यावर नाही.

तोवर काय करायचं? पत्रलेखिकेच्या सीएंनी जे सुचवलं ते आम्हालाही पटतं. स्पॉन्सरच्या पानावर देणगीची भाषा काढून टाका. इतक्या रकमेला बगचं उत्तर अमुक दिवसांत, इतक्या रकमेला महिन्यातून एक कॉल, असं लेखी ठेवा. म्हणजे ती सेवा ठरते, इन्व्हॉइस फाडता येतं, पी०८०२ सरळ लागतो. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी भरून ठेवा. आपापल्या सीएला विचारूनच करा, हे सांगायला नको. पुढच्या महिन्यापासून बाईंचे पैसे सुटतील असं दिसतं. ज्याने काही न मागता पैसे दिले त्याच्या गळ्यात मात्र आता महिन्याचा कॉल पडणार.

बँकेला इतकं सुनावल्यावर आता घरच्यांकडे वळू. या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: टूल वापरणाऱ्या ज्या कंपन्या त्यांना माहीत आहेत, त्यांतल्या काही नाशिकच्याच आहेत. त्यांच्याकडून एक रुपया आलेला नाही. आला तो इश्यू, रात्री साडेअकराला: ‘अर्जंट. क्लायंट वेटिंग. प्लीज फिक्स एएसएपी.’ ना व्हर्जन, ना लॉग, ना स्टेप्स. एकीने तर लोगो बदलून तेच टूल क्लायंटला आपलं म्हणून दाखवलं आणि फाइलींच्या माथ्यावरची कॉपीराइटची ओळही पुसली. एमआयटी लायसन्सची अट काय ती तेवढीच, तीही जड झाली? अंबडपासून इंदिरानगर किती लांब आहे? बोगद्यात अडकलात तरी अर्ध्या तासात पोचाल.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘द्यायचे आहेत हो, पण अकाउंट्सला देणगीचं हेड नाही.’ नसू दे. देणगी मागतंय कोण? वार्षिक सपोर्टचं इन्व्हॉइस मागा. टीडीएस लागू असेल तर कापा, जीएसटी लागला तर इनपुट क्रेडिट घ्या, ऑडिटर काही विचारणार नाही. मुंबईच्या फ्रॅपेने ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली खुलं ठेवून होस्टिंग आणि सपोर्टची बिलंच फाडली, कटोरा घेऊन कोणी फिरलं नाही. झिरोधाने ऑक्टोबर २०२४मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. रिपॉझिटरीत फंडिंग डॉट जेसन ठेवून अर्ज करता येतो, पण एका प्रकल्पाला तिथं किमान १०,००० डॉलर दिले जातात. इंदिरानगरच्या टूलला इतके लागतच नाहीत. त्याला पाच कंपन्यांची पाच छोटी बिलं पुरतील.

आणि ती न मिळाल्यावर काय होतं, तेही आपल्यातल्या जुन्यांनी पाहिलं आहे. फॅब्रिकेटर आठवतं? फेसबुकमध्ये जन्मलेलं, रिव्ह्यूसाठी कित्येक टीमनी डोळे मिटून बसवलेलं. मागे उभी असलेली फॅसिलिटी ही कंपनी आटोपली आणि जून २०२१पासून देखभाल बंद. फोर्ज नावाचा फोर्क काढून लोकांनी ते जगवलं, पण मधल्या काळात मायग्रेशनवर किती रात्री गेल्या ते त्या त्या टीमला विचारा.

तेव्हा सोमवारी ऑफिसात गेलात की एवढं करा. आपल्या सर्व्हरवर रोज चालणाऱ्या टूलमधलं एक निवडा, त्याचा मेंटेनर शोधा, आणि मार्चची वाट न बघता त्याच्या नावाने परचेस ऑर्डर काढायला लावा. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण दरवर्षीची असू द्या. इश्यू टाकताना व्हर्जन आणि लॉग द्या. पुसलेली कॉपीराइटची ओळ परत लावा, कोणाला न सांगता लावलीत तरी चालेल. मेंटेनर मंडळींनी आपलं टूल, लायसन्स आणि सपोर्टचा वार्षिक दर आम्हाला कळवावा. पुढच्या अंकापासून ही यादी आम्ही विनाशुल्क छापू. बँकेशी झालेला पत्रव्यवहार ज्यांच्याकडे आहे त्यांनी खाते क्रमांक खोडून त्याच्या प्रती पाठवाव्यात. परिपत्रकाची मागणी करणाऱ्या निवेदनाला त्या जोडायच्या आहेत.