दार बंद झाले, माहिती नव्हे

१९ जुलै २०२४ रोजी सकाळी, भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर पोहोचली आणि विंडोजवर चालणारे संगणक कोलमडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी बंद पडलेले संगणक त्यामुळे आपोआप सावरले नाहीत.

त्यांत अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणकही होते. टेबलावरच्या संगणकाला निदान हात लावता येतो. आभासी संगणक लॉगिनच करू देत नसेल तर काय करावे? तेव्हा अवलंबिलेला एक मार्ग साधा होता. बंद मशीनची डिस्क सोडवून ती दुसऱ्या, चालू मशीनला जोडायची; सदोष फाइल काढायची आणि डिस्क पुन्हा मूळ जागी लावायची.

या उपायातील तत्त्व प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावे असे आहे. लॉगिन हे मशीनचे दार आहे. माहिती मात्र डिस्कवर असते. नर्मदेकाठी, जबलपूरच्या तिलवारा घाटाजवळ राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची निरीक्षणे पुण्यातील डिस्कवर असू शकतात. मायक्रोसॉफ्टचा ‘मध्य भारत’ हा क्लाउड विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे. पासवर्ड हरवला किंवा अद्ययावतीकरण अर्ध्यावर थांबले, म्हणून ती निरीक्षणे नष्ट होत नाहीत. घाबरून मशीनच काढून टाकले, तर मात्र ती खरोखर जाऊ शकतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम डिस्कचा स्नॅपशॉट घ्यावा. मग त्या प्रतीची डिस्क दुसऱ्या मशीनला केवळ वाचनासाठी जोडावी, फायली उतरवून घ्याव्यात आणि त्यानंतरच मूळ मशीनच्या दुरुस्तीला हात घालावा. स्वतःच्या लॅपटॉपवरील आभासी संगणकाची डिस्क तर बहुधा एक मोठी फाइल असते. तिची नक्कल करणे हीच पहिली पायरी. क्लाउडमधील तात्पुरत्या डिस्कवर मात्र विसंबू नये. मशीन बंद करून तिची जागा सोडली की तिच्यावरील मजकूर परत मिळत नाही.

या सोयीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पासवर्ड न देता मालकाला डिस्क वाचता येते, तशी ती डिस्क हाती लागलेल्या कोणालाही वाचता येते. लॉगिनचा पासवर्ड माहितीचे रक्षण करत नाही. ते काम कूटबद्धीकरणाचे. पण कूटबद्ध डिस्कची किल्ली हरवली तर मालकही परका होतो. विंडोजच्या बिटलॉकरची पुनर्प्राप्ती किल्ली ४८ अंकी असते. ती त्याच बंद मशीनमध्ये जपून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखे आहे.

आभासी संगणक उभा करणे आज काही मिनिटांचे काम आहे. त्यातून माहिती सोडवणे मात्र संकट आल्यावरच शिकले जाते. हा क्रम उलटला पाहिजे. महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकात एक मशीन मुद्दाम बिघडवावे आणि विद्यार्थ्यांना त्यातील फायली परत आणावयास सांगावे. रुग्णनोंदी आणि संशोधन सांभाळणाऱ्या संस्थांनीही हा सराव नियमित करावा. परत आणून पाहिलेली नाही, ती प्रत अद्याप केवळ आशा आहे.