पनामाचं खरं भांडण पाण्याचं

डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी शपथविधीच्या भाषणातच पनामा कालवा परत घेण्याची भाषा केली, आणि तेव्हापासून या कालव्याची सगळी चर्चा अमेरिका विरुद्ध चीन एवढ्यातच अडकली आहे. कालवा चीन चालवतो हा त्यांचा दावा खोटा आहे. ३१ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेनं ताबा सोडला, त्यानंतर कालवा पनामाचंच प्राधिकरण चालवतं, आणि चोख चालवतं. हाँगकाँगच्या सीके हचिसन कंपनीला कंत्राट मिळालं होतं ते दोन तोंडांवरच्या बाल्बोआ आणि क्रिस्टोबल या बंदरांचं. कोणतं जहाज आत सोडायचं हे त्या कंपनीच्या हातात कधीच नव्हतं.

या गदारोळात जो प्रश्न मागे पडला, तो मला जास्त गंभीर वाटतो. कालव्याला पाणी पुरेनासं झालं आहे.

हा कालवा समुद्रसपाटीवरून जात नाही. चाग्रेस नदी अडवून केलेला गाटुन तलाव समुद्रापासून २६ मीटर उंच आहे आणि जहाजं त्या तलावातून जातात. अटलांटिककडून आलेलं जहाज गाटुनच्या जलपाशात शिरतं, मागचे पोलादी दरवाजे मिटतात, दोन्ही काठांच्या रुळांवरची विजेची इंजिनं तारांनी त्याला मधोमध धरून ठेवतात. मग तलावाचं पाणी जमिनीखालच्या नाल्यांतून हौदात भरू लागतं आणि हजारो टनांचं धूड वर चढतं. एकही पंप नाही, सगळं काम पाण्याच्या उतारावर. अशा तीन पायऱ्या चढायच्या, पॅसिफिककडे तेवढंच उतरायचं. जुन्या जलपाशांतून एक जहाज पार झालं की सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. पनामाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या पिण्यासाठी याच पाणलोटावर अवलंबून आहे.

२०२३ मध्ये एल निनोनं पाऊस पळवला. एरवी दिवसाला ३६ जहाजं जायची, ती डिसेंबरात २२ वर आणावी लागली. नोव्हेंबरात एका जपानी कंपनीनं रांगेत पुढचा नंबर मिळावा म्हणून लिलावात जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले. नेहमीचा टोल वेगळाच.

म्हणून आता इंदिओ नदीवर धरण बांधायचं ठरलं आहे. खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलर, बुडणारी जमीन ४,६०० हेक्टरच्या आसपास. तिथून सुमारे नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून पाणी गाटुनमध्ये आणायचं. सुमारे दोन हजार माणसं उठणार. भात, कसावा, कॉफी आणि थोडी गुरं यांवर जगणारी ही माणसं आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांचा ठाम विरोध आहे.

तो विरोध आडमुठा नाही. २००६ मध्ये कालवा रुंद करण्यासाठी सार्वमत झालं, तेव्हा नवी धरणं लागणार नाहीत असं सरकारनंच सांगितलं होतं. त्याच वर्षी कायदा बदलून इंदिओचं खोरं कालव्याच्या हद्दीबाहेर काढलं गेलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला आणि खोरं पुन्हा हद्दीत आलं. त्याआधीचा इतिहासही वाईटच. सत्तरच्या दशकात बायानो धरणासाठी गुना आणि एम्बेरा आदिवासींना उठवलं. त्यांना दिलेल्या जमिनींची हद्द आखून मालकी देण्यात सरकारनं इतकी दिरंगाई केली की २०१४ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानं पनामाला दोषी ठरवलं. कोयनेच्या धरणग्रस्तांची दुसरी-तिसरी पिढी अजून कशासाठी आंदोलनं करते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

धरणच नको असं मी म्हणत नाही. राजधानीच्या नळालाही पाणी हवं आहे आणि पाऊस आता भरवशाचा राहिलेला नाही. पण हिशेब सरळ आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात कालव्याचं उत्पन्न ५ अब्ज डॉलरच्या घरात होतं आणि त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा सरकारी तिजोरीत गेला. एवढं कमावणाऱ्याला दोन हजार माणसांचं नीट पुनर्वसन परवडत नाही, हे कोणी सांगू नये. उलट, टोलमधला ठरावीक वाटा या कुटुंबांना दरवर्षी मिळायला हवा, कारण जहाजं त्यांच्या नदीवर चालणार आहेत. शिवाय पनामाच्या खेड्यांत बऱ्याच शेतकऱ्यांकडे वहिवाट आहे, कागद नाही. कागद नसलेल्याला भरपाईच्या यादीतून वगळणं किती सोपं असतं, हे वेगळं सांगायला नको.

प्राधिकरणाला २०२७ मध्ये बांधकाम सुरू करायचं आहे. त्याआधी इंदिओच्या प्रत्येक कुटुंबाच्या हातात नव्या जमिनीचा मालकीचा कागद पडला पाहिजे. तोवर तिथे एक कुदळही पडता कामा नये.