शिक्का आहे, धनी कुठे आहे?

१९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले. फाळणीत सर्वस्व गमावलेल्या निर्वासितांनी तिथे कारखानदारी उभी केली. त्या हिमतीला आमचा सलामच आहे. मालावर ‘यूएसए’ छापायचे आणि विचारलेच तर ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ सांगायचे, हा किस्साही महाराष्ट्राने चवीने ऐकला. आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच काय, आपल्या आठवडी बाजारातही बिननावाचा स्वस्त आयात माल दिसतो.

आयातीला आमचा विरोध नाही. कापसाला खुली बाजारपेठ मागायची आणि इस्त्रीवर बंदी मागायची, हा दुटप्पीपणा आम्ही करणार नाही. प्रश्न जबाबदारीचा आहे. २००३ च्या केंद्रीय आदेशाने पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, वायर यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. माल देशी असो की परदेशी. २०१६ च्या भारतीय मानक ब्यूरो कायद्यात सदोष माल परत घ्यायला लावण्याची तरतूदही आहे. पण परत घेणाऱ्याचे नाव तर मालावर हवे! बोगस बियाण्यात आपण हेच भोगले: पावती नाही, तर दाद नाही.

त्यात आपल्या घरांना अर्थिंगचा पत्ता नसतो. ओल्या न्हाणीत दोन पिनांचा रॉड, त्याच्या नळीला चीर, की वीज थेट पाण्यात. बादलीत हात आधी घरच्या लक्ष्मीचा जातो.

रॉड घेताना चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळा. खोटा निघाला तर तिथेच किंवा १९१५ या ग्राहक क्रमांकावर तक्रार करा, आणि वस्तू व पावती घेऊन जिल्हा बैठकीला या.