डेस्मॉइडच्या गाठीला सुरीची घाई नको
गाठ दिसली की काढून टाका, हा घरोघरचा सल्ला डेस्मॉइडच्या बाबतीत चुकतो. ही गाठ कॅन्सरसारखी शरीरभर पसरत नाही. पण आजूबाजूच्या स्नायूंत घुसते आणि कापल्यावरही अनेकदा तिथेच पुन्हा उगवते. उलट, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सोराफेनिब या औषधाच्या चाचणीत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही २० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. म्हणून आधी सुईने तुकडा काढून अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून निदान पक्कं करावं, मग ठरावीक काळाने एमआरआय करत लक्ष ठेवावं. ‘तोवर वाढली तर?’ ही भीती रास्तच आहे. आतड्यांना वेढणारी किंवा असह्य दुखणारी गाठ थांबू देत नाही, तिथे उपचार लगेच हवेत. पण दंडातली शांत गाठ काढताना नस दुखावून बोटं लुळी पडली, तर ते नुकसान गाठीपेक्षा मोठं. खरी अडचण वारंवारच्या एमआरआयच्या खर्चाची आहे, आणि तो सरकारी आरोग्य योजनांनी उचललाच पाहिजे.